नऊ दारं आणि एक विसरलेला सखा

भागवताच्या चौथ्या स्कंधात पुरंजन राजाची गोष्ट आहे, पंचविसाव्या अध्यायापासून एकोणतिसाव्यापर्यंत. सप्ताहाला बसणाऱ्यांच्या कानावरून ती गेलेली असते. पण सात दिवसांत बारा स्कंध पुरे करायचे म्हटल्यावर तिच्या वाट्याला फार वेळ येत नाही. ध्रुवावर, पृथूवर बुवा रंगतात, पुढे जडभरत असतो, आणि पुरंजन मधल्यामध्ये उरकला जातो. मीही ती तशीच ऐकली होती. नीट वाचली ती निवृत्तीनंतर. परळच्या एका महापालिका रुग्णालयात परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. शेवटची वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात आणि मग कोविडच्या. या गोष्टीनं मला आतून पुन्हा उभं केलं. ते कसं घडलं हे मला सविस्तर सांगायचं आहे. ग्रंथ प्रतीक म्हणून वाचावा असं आपण सहज म्हणतो, पण तसं वाचायचं म्हणजे रोज बसून काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२०२१ मध्ये मी निवृत्त झाले. कपाटांच्या किल्ल्या पुढच्या सिस्टरच्या हातात दिल्या, रजिस्टरवर सही केली आणि नायगावला घरी आले. शरीर थकलं होतं, त्याचं नवल नव्हतं. नवल याचं वाटायचं, की देवापुढे दिवा लावून हात जोडले तरी आत काही हलायचं नाही. हरिपाठ तोंडपाठ, तोंड म्हणायचं, मी तिथे नसायचे. रात्री राउंडच्या वेळेला आपोआप डोळे उघडायचे ते पहाटेपर्यंत मिटायचे नाहीत. मार्च २०२० नंतरच्या त्या महिन्यांत नातेवाइकांना आत सोडत नव्हते. माणसं आमच्या हातात गेली, आणि पीपीई किटमुळे आमचा चेहराही त्यांना दिसला नाही. तेव्हा रडायला वेळ नव्हता. पुढे वेळ मिळाला तर रडू येईना.

अशात एका एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात कीर्तनाला गेले होते. मुंबईकर या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणतात. आषाढीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, इतर एकादशांना निवांत बसता येतं. बुवांनी जाता जाता पुरंजनाच्या नगरीतल्या पहारेकऱ्याचं नाव घेतलं. पाच फण्यांचा नाग. तिथली सुंदरी राजाला सांगते, मी झोपते तेव्हा हा जागा राहतो आणि नगरी राखतो. बुवा पुढे सरकले, मी त्या नागापाशीच थांबले. आयुष्यभर नाइट केल्यावर हा पहारेकरी मला परका कसा वाटणार? त्याचं पुढे काय झालं, हे मला माहीत करून घ्यायचं होतं.

आमच्या घरी नाथांचं भागवत आहे, पण ती अकराव्या स्कंधावरची टीका. १५७३ साली काशीला पुरा झालेला तो ग्रंथ. चौथा स्कंध त्यात नाही. म्हणून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. १८९८ सालची ही संस्था नायगावातच आहे, आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ, आणि इतक्या वर्षांत मी तिची पायरी चढले नव्हते. वर श्लोक आणि खाली मराठी अर्थ अशी प्रत तिथे मिळाली. माझं संस्कृत शाळेपुरतं, तरी अर्थाच्या आधारानं श्लोकावर बोट ठेवून वाचता येतं. पुढे तीच प्रत विकत घेतली.

गोष्ट अशी. प्राचीनबर्ही नावाचा राजा यज्ञांत गढलेला. नारद त्याला आकाशात दाखवतात: तू मारलेले पशू तुझी वाट पाहत उभे आहेत, लोखंडी शिंगांनी तुला फाडायला. मग ते त्याला पुरंजनाची कथा सांगतात. पुरंजन राहायला जागा शोधत हिंडतो आणि हिमालयाच्या दक्षिणेला त्याला नऊ दारांची नगरी सापडते. तिथे एक सुंदरी, तिचे दहा सेवक आणि तो पाच फण्यांचा नाग. तो तिच्याशी लग्न करतो, शंभर वर्षं तिथे रमतो. मग चंडवेग नावाचा गंधर्व तीनशे साठ गंधर्व आणि तितक्याच गंधर्वी घेऊन नगरी लुटायला लागतो. काळाची मुलगी नवरा शोधत फिरते, तिला कुणी पत्करत नाही. भय नावाचा यवनांचा राजा तिला बहीण मानतो आणि आपला भाऊ प्रज्वार तिच्या सोबत देतो. ती नगरीत शिरते. नगरी जळते, नाग आतून बाहेर पडतो, पुरंजन मरतो. मरताना बायकोचा विचार मनात, म्हणून पुढच्या जन्मी तो विदर्भाच्या राजाची मुलगी होतो.

आणि मग नारद स्वतःच उलगडा करतात. पुरंजन म्हणजे जीव. नगरी म्हणजे शरीर. सुंदरी म्हणजे बुद्धी, दहा सेवक म्हणजे इंद्रियं, नाग म्हणजे पाच वृत्तींचा प्राण. चंडवेग म्हणजे वर्ष, त्याचे गंधर्व दिवस आणि गंधर्वी रात्री. काळाची मुलगी म्हणजे म्हातारपण. प्रज्वार म्हणजे ताप.

वाचून मी किती हरखले ते सांगता येत नाही. या नगरीची नऊही दारं मी आपल्या हातांनी धुतली आहेत. शुद्ध हरपलेल्या माणसांचे डोळे ओल्या कापसानं पुसलेत, तोंड साफ केलंय, खालची दारं स्वच्छ ठेवलीत. ताप चढत्या रात्री कपाळावर पट्ट्या ठेवल्यात, तीनशे साठ दिवस आणि तीनशे साठ रात्री डे आणि नाइट म्हणून भरल्यात. नाग एकटा त्या सातशेवीस जणांशी शंभर वर्षं झुंजतो आणि शेवटी थकतो असं तिथे लिहिलं आहे. श्वास लागलेल्या माणसाच्या उशाशी जे उभे राहिलेत त्यांना हे वर्णन समजावून द्यावं लागत नाही.

उलगडा दोन-चार संध्याकाळींत समजला. वहीत दोन रकाने पाडून उतरवला, डावीकडे गोष्टीतलं नाव, उजवीकडे त्याचा अर्थ. वही पूर्ण झाली, आणि रात्री तशीच जाग आली, सकाळी हरिपाठ तसाच कोरडा. निदान पक्कं झालं म्हणून रोगी बरा होत नाही, केसपेपरवर रोगाचं नाव लिहिल्यानंतरच खरं काम सुरू होतं. गोष्टीतल्या राजाचंही काहीसं असंच झालेलं आहे. कथा ऐकून झाल्यावर, उलगड्याच्या आधी, प्राचीनबर्ही नारदांना म्हणतो, तुमचं बोलणं आम्हाला नीट कळलं नाही. जाणत्यांना कळत असेल, आम्ही कर्मात गुंतलेली माणसं. पहिल्याच श्रोत्याची ही कबुली ग्रंथकारानं मुद्दाम ठेवली आहे असं मला वाटतं. तिनं मला फार धीर दिला.

मी पुन्हा दारांकडे वळले, आणि तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली जी पहिल्या वाचनात निसटली होती. पुरंजन कुठल्याही दारानं एकटा बाहेर पडत नाही. प्रत्येक दाराला सोबती ठरलेला आहे, आणि प्रत्येक दार कुठल्या ना कुठल्या देशाकडे उघडतं. पूर्वेची खद्योता आणि आविर्मुखी ही दारं म्हणजे डोळे. तिथून तो द्युमान नावाच्या मित्राबरोबर विभ्राजित देशाला जातो. नलिनी आणि नालिनी म्हणजे नाकपुड्या. सोबत अवधूत, देश सौरभ. मुख्या म्हणजे तोंड, त्याला दोन सोबती, रसज्ञ आणि विपण, एक चवीचा, एक बोलण्याचा. दक्षिणेला पितृहू आणि उत्तरेला देवहू हे कान. दोन्हीकडे सोबती एकच, श्रुतधर, पण देश वेगळे, दक्षिण पांचाल आणि उत्तर पांचाल. एक प्रपंचात ओढणाऱ्या शास्त्राचा, दुसरा त्यातून परतवणाऱ्या. पश्चिमेच्या खालच्या दोन दारांचे सोबती दुर्मद आणि लुब्धक. यादी म्हणून पाहिलं तर कंटाळवाणी. पण मी तिचा सराव करायचं ठरवलं.

वॉर्डात प्रत्येक गंभीर रुग्णाचा इनटेक-आउटपुटचा चार्ट असतो, किती आत गेलं आणि किती बाहेर आलं. तसाच एक चार्ट मी वहीत आखला. एका वेळी एकच दार घ्यायचं, त्याच्यासोबत काही आठवडे काढायचे. रात्री झोपण्यापूर्वी लिहायचं: आज या दारानं मी कुठे गेले, आणि सोबत कोण होतं. दार वाईट की चांगलं हे लिहायचं नाही. सोबती फक्त ओळखायचा.

डोळ्यांपासून सुरुवात केली आणि तिथे फारसं हाती लागलं नाही. दिवसभरात डोळे इतकं पाहतात की रात्री त्यातलं वेगळं काढता येईना. नाकानं मात्र मला हलवलं. २०२० मध्ये मलाही कोविड झाला होता, आणि त्यात वास गेला होता. अनेकांचा गेला, बहुतेकांचा परत आला, माझाही आला; पण मी त्याची दखल घेतली नव्हती. आता अवधूताला बरोबर घेऊन मी पहाटे दादर स्टेशनबाहेरच्या फुलबाजारात जायला लागले. झेंडू, शेवंती, ओली पोती, तुळशीच्या जुड्या, मधेच सडलेल्या पाकळ्यांचा आंबूस दर्प. एका सकाळी निशिगंधाच्या गड्ड्यांपाशी उभी असताना एकदम वॉर्डातल्या एका आजोबांची आठवण आली. त्यांनी विचारलं होतं, सिस्टर, मला वास का येत नाही? मी तेव्हा ठरलेलं उत्तर दिलं होतं, येईल हो, परत येईल. त्यांना तेवढा अवधी मिळाला नाही. बाजारात, गर्दीत, मला रडू आलं. फुलवाल्या मावशींनी काही न विचारता बसायला क्रेट पुढे सरकवला.

तोंडाच्या दाराशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले, कारण तिथे दोघे आहेत. चवीवर लक्ष ठेवणं सोपं गेलं. उपास आपल्याला लहानपणापासून माहीत असतात. विपणाला ओळखणं कठीण. दिवसभरात मी जे बोलते त्यातलं किती सांगण्यासाठी आणि किती नुसतं दुकान मांडण्यासाठी, हे लिहायला बसल्यावर पानं भरत गेली. या काळात वसईच्या माझ्या जुन्या मैत्रिणीशी फोनवर बोलणं होत असे. ती त्याच रुग्णालयातली, ख्रिस्ती, घरी मराठी बायबल वाचणारी. ती म्हणाली, आमच्याकडेही हेच आहे गं. मिसर देशातून सुटून आलेले लोक वाळवंटात कशासाठी रडतात? मासे, काकड्या, कांदे, लसूण यांच्यासाठी. देश सुटला, जीभ तिथेच राहिली. तिच्या चर्चमधल्या साधनेच्या शिबिरात त्यांना शिकवलं होतं, की जेरुसलेम हे नाव चार अर्थांनी वाचायचं: इतिहासातलं शहर, श्रद्धावंतांची मंडळी, परलोकातलं नगर, आणि माणसाचा आत्मा. संत पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात हागार आणि सारा या दोन बायकांची गोष्ट उघडपणे रूपक म्हणून वाचली आहे, हेही तिनंच दाखवलं. दोन दूरच्या परंपरांनी माणसाच्या आतल्या वस्तीला नगर म्हणावं, याचा मला फार आनंद झाला. मुंबईसारख्या शहरात जन्म काढलेल्या आम्हा दोघींना ते पटायला वेळ लागला नाही.

आपल्याकडेही ही वाचनाची रीत काही नवी नाही. नाथांच्या भारुडातला विंचू कामक्रोधाचा आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. कठोपनिषदात शरीर रथ आहे आणि बुद्धी सारथी. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंत शरीरालाच क्षेत्र म्हणतात, आणि पाचव्यात नऊ दारांचं हेच नगर येतं. आपण हे सगळं ऐकतो, मान डोलावतो. मान डोलावण्याच्या पुढे जायला मला वहीची गरज पडली, कुणाला नसेलही पडत.

कानांच्या दाराबद्दल थोडक्यात सांगते. गाड्यांचे भोंगे, लाउडस्पीकर, खालच्या मजल्यावरचा टीव्ही हे बंद करता येत नाही. पण एकाच श्रुतधराबरोबर आपण दोन वेगवेगळ्या देशांना जाऊ शकतो, या एका कल्पनेनं माझं ऐकणं बदललं. सूनबाई काही सांगत असते तेव्हा मी दक्षिणेला जाऊन उत्तर शोधत बसते, की उत्तरेला जाऊन नुसती ऐकते, हे मला आता त्या क्षणी कळतं. नेहमी नाही.

नगरीत दोन आंधळे नागरिक आहेत, निर्वाक आणि पेशस्कृत. पाय आणि हात. राजा त्यांच्याच आधारानं चालतो आणि कामं करतो. हे मी ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी पुढे गेलेच नाही. माझे हात इतकी वर्षं न बघता काम करत आले. अंधारात शीर सापडायची. सलाइन लावताना मन दुसरीकडे असलं तरी हात चुकत नसत. त्या आंधळ्यांनी मला आणि माझ्या रुग्णांना सांभाळलं. त्या रात्री मी हातांना खोबरेल लावून बराच वेळ चोळत बसले, आणि त्यांना मनापासून नमस्कार केला.

मग तो श्लोक आला ज्यात पुरंजनाचं सगळं आयुष्य मावलं आहे. ती प्यायली की हा पितो, ती जेवली की हा जेवतो, ती गायली की गातो, रडली की रडतो, तिला शोक झाला की हाही शोक करतो. पाळीव हरणासारखा, असं तिथे म्हटलं आहे. माझ्या बाबतीत हे उलट्या बाजूनं खरं होतं. माझ्या बुद्धीनं ठरवलं होतं, आता रडायचं नाही, काम आहे. तेव्हा ते योग्यच होतं. नाहीतर वॉर्ड चालला नसता. पण काम संपल्यावरही ती तशीच ताठ बसून होती, आणि तिच्या बाजूला मीही. ती मी नव्हे, हे नारदांनी उलगड्यात आधीच सांगून ठेवलं होतं. वहीच्या उजव्या रकान्यात ते माझ्याच अक्षरात होतं. कळायला मात्र फुलबाजार लागला.

सगळ्यात मोठी गोष्ट यानंतर झाली. पुरंजनाच्या मृत्यूचा भाग मी पुन्हा वाचत होते. यवन त्याला ओढून नेतात आणि त्या अंधारातही त्याला त्याचा जुना सखा आठवला नाही, अशी एक ओळ आहे. मी थबकले. कोणता सखा? मी तर एवढ्या वेळा वाचलं होतं. नगरी आठवत होती, राणी, नाग, दारांची नावं, सोबत्यांची नावं आठवत होती. सखा कुठे होता? पानं उलटी चाळत अगदी सुरुवातीला गेले. पुरंजनाचं नाव येतं तिथेच, त्याच श्लोकात, तो आहे: अविज्ञात नावाचा एक सखा, ज्याच्या हालचाली कुणाला कळत नाहीत. एवढंच. पुढच्याच श्लोकापासून राजा जागेच्या शोधात निघतो आणि मग सगळं नगरीचं वर्णन. राजा त्याला विसरतो, आणि गोष्ट इतकी रंगवून सांगितली आहे की वाचणाराही विसरतो.

मला वाटतं या गोष्टीचं मर्म इथे आहे. उजव्या रकान्यात अविज्ञात म्हणजे ईश्वर हे मी लिहिलेलंच होतं. पण जीव ईश्वराला विसरतो हे वाक्य वाचणं निराळं, आणि हातात पोथी धरून, श्लोकावर बोट ठेवून, आपण त्याला आत्ता, याच पानांवर विसरलो होतो हे लक्षात येणं निराळं. गोष्टीनं राजाचं जे केलं तेच माझं केलं. प्रतीक असं काम करतं. ते अर्थ सांगून मोकळं होत नाही, आपल्याला गोष्टीच्या आत ओढून तिथे पकडतं. तेव्हापासून मी कुठलाही पुराणप्रसंग वाचताना दोन रकाने पाडत नाही. वाचून झाल्यावर एवढंच पाहते, की या गोष्टीनं आत्ता माझं काय केलं.

त्या सख्याची परत भेट अठ्ठाविसाव्या अध्यायात होते. विदर्भाची मुलगी झालेला पुरंजन आता विधवा आहे. पती मलयध्वज गेला, चिता रचली, ती त्यात शिरायच्या बेतात आहे. तेव्हा एक ब्राह्मण येतो आणि विचारतो: तू कोण? कुणाची? हा जो पडला आहे, ज्याच्यासाठी तू शोक करतेस, तो कोण? मला ओळखतेस का? पूर्वी तू माझ्याबरोबर हिंडायचीस. आपण दोघे मानस सरोवरातले हंस होतो. मला सोडून तू जागा शोधायला निघालास.

हा जो पडला आहे तो कोण, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. मीही कुणाला विचारला नसता. ज्याचं माणूस गेलं त्याला असं विचारत नाहीत, आणि विचारूही नये. पण सखा विचारू शकतो, कारण तो आधीपासून तिथे होता. मी त्या रात्री हे पान उघडं ठेवून कोविडच्या काळात माझ्यासमोर गेलेल्यांची नावं आठवतील तेवढी लिहिली. नावं आठवली नाहीत तिथे खाटेचा नंबर लिहिला. प्रत्येक नावापुढे मनात म्हटलं, तुमच्यापाशी मी एकटी नव्हते, आणि तुम्हीही नव्हता. मग हरिपाठ म्हटला. खूप काळानंतर तोंडाबरोबर मीही होते.

तेव्हापासून जाग येते ती येतेच, ती सवय आता जाणार नाही. पण ती वेळ मी छताकडे पाहत काढत नाही. उठून बसते, श्वास येतो-जातो तिकडे लक्ष ठेवते, म्हणजे त्या नागापाशी थोडा वेळ बसते, आणि सख्याचं नाव घेते. आमच्या मजल्यावर एक आजी अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना आंघोळ घालायला, पाठ चोळायला जाते. नोकरीत हेच करत होते. आता हातांबरोबर माझं लक्षही तिथे असतं, आणि आजींना ते जाणवतं असं त्यांची मुलगी सांगते.

पुढे शेजारच्या काही बायका आणि एक निवृत्त मास्तर माझ्याबरोबर वाचायला बसू लागले. तिथे वादही झाले, आणि ते चांगलेच झाले. एकदा एकानं यवनांच्या सैन्याचा अर्थ आजच्या कुठल्या समाजाशी जोडायचा प्रयत्न केला. मी पोथी पुढे केली. नारदांनी स्पष्ट सांगितलं आहे, हे सैनिक म्हणजे आधी आणि व्याधी, मनाची दुखणी आणि शरीराची. ग्रंथानं स्वतः किल्ली दिलेली असताना बाहेरून दुसरी आणून कुलूप फोडायचं नाही. माझ्याबरोबर रात्ररात्र जागलेल्या सिस्टर आणि मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, सगळ्या धर्मांचे होते, आणि आम्ही सगळे त्याच सैन्याशी लढत होतो. यावर मी ठाम आहे. प्रतीकाचा अर्थ दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला की ते वाचन तिथेच थांबवावं.

मास्तरांचा प्रश्न वेगळा होता. मग ते लोखंडी शिंगांचे पशूही प्रतीकच का? मी म्हटलं, नाही. प्राचीनबर्हीनं खरे पशू मारले होते, नारद त्याला तेच दाखवतात. सगळंच आतलं केलं तर बाहेर केलेल्याचा हिशेब कुणी द्यायचा? आतला अर्थ बाहेरच्या जबाबदारीतून सुटका करून देत नाही. मास्तरांना हे मान्य झालं, आणि त्यांनी त्यावर आणखी पुष्कळ सांगितलं.

सगळ्यात खरा आक्षेप दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा. बांधून ठेवणारी बुद्धी बाईच का? म्हातारपण काळाची मुलगीच का? त्यांचा राग रास्त आहे. मी त्यांना सख्याचं बोलणं दाखवलं: तू विदर्भाची मुलगी नाहीस, हा वीर तुझा पती नाही, आणि त्या नगरीतल्या राणीचा पतीही तू नव्हतास. स्वतःला पुरुष समजतोस किंवा साध्वी स्त्री समजतेस, ही माया. दोन्ही खरं नाही, आपण दोघे हंस. म्हणजे गोष्ट ज्या रूपकानं सुरू होते ते शेवटी ती स्वतःच मोडून टाकते. शिवाय चितेपाशी आलेला सखा तिला चितेत ढकलत नाही, तिची स्तुती करत नाही. तो तिला जागं करतो. वहिनी म्हणाल्या, सिस्टर, शेवट चांगला आहे हे कबूल. पण तिथवर पोचेपर्यंत तीन अध्याय बाईला दूषणं ऐकावी लागतात, त्याचं काय? मला उत्तर सुचलं नाही. त्यांचं म्हणणं मी वहीत उतरवून घेतलं आहे, त्यांच्याच शब्दांत.

त्यांनी वाचन सोडलेलं नाही. पुढच्या अध्यायात प्राचीनबर्हीची मुलं, प्रचेते, तपश्चर्या संपवून समुद्रातून बाहेर येतात आणि झाडांनी व्यापलेली पृथ्वी पाहून रागावतात. तो अध्याय वाचून दाखवायची जबाबदारी वहिनींनी घेतली आहे.